आठ दिवसांचं टेबल

गंगाधर लांजेवारचे हात चालायला लागले की तोंड बंद पडायचं, आणि हात तर सकाळी सातपासून चालू असत. रायपूरजवळच्या बीरगांवात त्याला ओळखणारे लोक सांगत, की गेट करून घ्यायचं तर याच्याकडूनच घ्यावं, पण गप्पा मारायला म्हणून त्याच्याकडे जाऊ नये. मापं सांगितली की तो "हव" म्हणे. गेट तयार झालं की "झालं" म्हणे. मधल्या काळात समोरच्याने आपलं आपण समजून घ्यायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी इंदूला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून नवऱ्याने अबोला धरलाय. मनातल्या मनात तिने सगळ्या चुका तपासून पाहिल्या, एकही सापडेना. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की हा अबोला नाही, हा माणूसच असा आहे. मग तिने दोघांच्याही वाट्याचं बोलणं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि संसार सुरळीत चालला.

मूळचे दोघंही तुमसरकडचे. बीरगांवाशेजारच्या उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये गंगाधर फिटर म्हणून लागला, तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं. दोन हजार साली छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि पुढच्याच वर्षी मिल बंद पडली. मिलसाठी रडत बसायला त्याला सवड मिळाली नाही. राजधानी म्हटली की घरं आली, घरं म्हटली की दारं आली, आणि दाराला बिजागरी ही लागतेच. घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने पत्र्याची शेड टाकली आणि मिलच्या भंगारातून एक जुनं ड्रिल मशीन उचलून आणलं. मशीन दणकट होतं. खांब सरळ, मोटर ठणठणीत. फक्त ज्याच्यावर लोखंड ठेवून भोक पाडायचं, ते टेबल तेवढं तुटून गेलेलं होतं.

"टेबल मी बनवतो," तो इंदूला म्हणाला. "आठ दिवसांचं काम आहे. ही पहिली ऑर्डर निपटली की करतो."

तोवर काय करायचं, तर मशीनच्या पायाशी लाकडाचा एक जाडजूड ठोकळा ठेवला. ठोकळ्यावर लोखंडाची पट्टी ठेवायची आणि भोक पाडणारं बिट फिरत असताना ती हलू नये म्हणून कोणीतरी दाबून धरायची. कोणीतरी म्हणजे अर्थातच इंदू. दुसरं होतंच कोण? तिला बसायला त्याने एक लोखंडी स्टूल करून दिलं. बघा, स्टूल त्याने एका दुपारीत केलं.

इंदूने ते काम आपल्या पद्धतीने बसवलं. फिरत्या बिटाजवळ काच नको, हे तिला न सांगता कळलं होतं, पण रिकाम्या मनगटाने बसायला ती तयार नव्हती. म्हणून हातातल्या बांगड्या ती कोपराकडे सरकवायची आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीने बांधून टाकायची. पदर खोचायचा. दोन्ही तळवे पट्टीवर. गंगाधर हँडल खाली ओढी आणि लोखंडाचा कीस वळत वळत बाहेर पडे. या कामातला धोका बिट आत शिरताना नसतो, ते पलीकडे पार होताना असतो. त्या क्षणी बिट लोखंडाला पकडतं आणि आपल्याबरोबर गरकन फिरवू पाहतं. त्याच्या किंचित आधी पट्टी निराळ्या तऱ्हेने थरथरते. ती थरथर इंदूच्या तळव्याला बरोबर कळायची. ती "आता" म्हणायची आणि गंगाधर हँडलवरचा हात हलका करायचा. मिलमध्ये तीस-तीस वर्षं घासलेल्या फिटरांनाही असा अंदाज नव्हता, असं गंगाधरचं ठाम मत होतं. हे मत त्याने इंदूला कधी सांगितलं नाही.

आणि दोन भोकांच्या मधे इंदू बोलत असे. कोणाच्या पोट्टीचं भिलाईत जमलं, कोणाच्या घरी सासू रुसून माहेरी गेली, म्हणजे सासूचं माहेर अजून शाबूत आहे, याचं पारावरच्या बायकांना कसं नवल वाटलं. गंगाधर "हव" म्हणायचा. मधूनच त्याच्या मिशीखाली काहीतरी हलल्यासारखं होई. ते हसू असायचं. इंदूला ते ओळखता यायचं आणि मग ती तीच गोष्ट थोडं तिखटमीठ लावून पुन्हा सांगायची.

टेबल राहिलं. दिवाळीनंतर करू, उन्हाळ्यात करू, नव्या रायपूरकडची ऑर्डर आलीय तेवढी जाऊ दे. मधल्या काळात गंगाधरने गणपती मंडळाला लोखंडी चौथरा करून दिला, समोसेवाल्याला गाडी करून दिली, एका शिवणकामवालीला शिलाई मशीनखालची चौकट करून दिली. इंदू चिडवायची, "दुनियेचे टेबल झाले, आपलंच राह्यलं." तो "करतो" म्हणायचा. करतो करतो म्हणता अठरा वर्षं गेली. मुलगा नीलेश शिकला, नोकरीला लागला, लग्न करून शहरात तेलीबांध्याच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला गेला. नीलेशला मराठी सगळी कळे, उत्तर मात्र तो हिंदीतच देई. शेडमध्ये तो सहसा येत नसे. आला तर आईच्या हातांकडे बघून कपाळाला आठ्या घाली.

ते घडलं फेब्रुवारीत, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, चांगल्या लख्ख उजेडात. गंगाधरचा मोबाइल वाजला. ठेकेदार होता, बिजागऱ्या कधी मिळतील म्हणून विचारत होता. एरवी काम चालू असताना गंगाधर फोनला हात लावत नसे. त्या दिवशी त्याने तो उचलला, खांद्यात आणि कानात दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताने हँडल ओढणं चालूच ठेवलं. जन्मात कोणाशी धड चार वाक्यं न बोललेला माणूस नेमका तेव्हाच बोलत होता. इंदू "आता" म्हणाली. ते त्याला ऐकू आलं नाही. पट्टी इंदूच्या हाताखालून फिरली आणि पट्टीच्या धारदार कडेने उजव्या तळव्यात अंगठ्याच्या मुळापासून आरपार घाव घातला.

ती ओरडलीही नाही. हाताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मशीन बंद करा."

ऑपरेशन झालं. जखम भरली. डॉक्टरांनी सांगितलं, की अंगठा आणि पहिली दोन बोटं यापुढे वाकणार नाहीत. इंदूला आता पोळी लाटता येणार नव्हती, वेणी घालता येणार नव्हती, कुलपात किल्ली फिरवता येणार नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात नीलेशने बापाला विचारलं, "पापा, मम्मी को वहाँ बिठाते ही क्यों थे?"

गंगाधर फरशीकडे पाहत राहिला. मुलगा आईला आपल्या घरी घेऊन गेला. काही दिवस म्हणून नेलं होतं. महिना झाला, दोन झाले.

दर रविवारी गंगाधर तेलीबांध्याला जाऊन यायचा. सून, निधी, चहा ठेवून आत जायची. इंदू सोफ्याच्या कोपऱ्यात हात मांडीवर घेऊन बसलेली असायची, आणि बोलत नसायची. जेवले का, म्हणायची. गाडी नीट चालवा, म्हणायची. बस. त्याला वाटायचं, ही आपल्याला टाकून बोलली तर बरं होईल, चार लोकांत नाक कापलं तरी चालेल. पण इंदूने एका अक्षराने दोष दिला नाही. परत कधी येतेस, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. ती येणारच नाही, असं तिने सांगून टाकलं तर काय करायचं, या भीतीने तो प्रश्न घशातच ठेवून दर रविवारी स्कूटर घेऊन परत यायचा. घरी चूल थंड, शेड थंड. त्या घरात शांतता अशी कधी नव्हतीच. आता ती होती, आणि ती त्याला सहन होईना.

म्हणून त्याने टेबल करायला घेतलं. माफी मागायची ही एवढीच रीत त्याला येत होती. आता धरून बसावं लागणार नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं की तिची भीती जाईल आणि ती घरी येईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

पहिले दोन दिवस सामान गोळा करण्यात गेले. उरल्याच्या एका भंगारवाल्याकडे जाड लोखंडी प्लेट मिळाली, पायांसाठी अँगल मिळाले, आणि एका मोडीत निघालेल्या व्हॅनचा जॅक मिळाला. जॅक खांबाशेजारी उभा बसवला की टेबल मनासारखं वर-खाली करता येईल, हे त्याच्या डोक्यात कधीपासून होतं. सगळंच डोक्यात होतं. कुठे खाच ठेवायची, बिट पार जायला मधे भोक केवढं हवं, सगळं. कागदावर एक रेघ न ओढता त्याने खडूने प्लेटवर आखलं. आखताना त्याचा हात एकदाही अडला नाही, आणि ते त्याला फार लागलं. एवढं सगळं पाठ होतं तर.

तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून शिकाऊ पोराने करावी अशी चूक झाली. घाईघाईत त्याने प्लेटच्या एका कडेची वेल्डिंग सलग मारत नेली. एका बाजूने ताव बसला आणि प्लेट मधे फुगली. वेल्डिंग तुकड्या-तुकड्याने मारायची, एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या, हे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. चौथा अख्खा दिवस ते तोडून, ठोकून, घासून सरळ करण्यात गेला. सपाटी तपासायला गुणिया लावला, फट दिसली. पुन्हा ठोकलं. पुन्हा लावला.

पाचव्या दिवशी टेबलालाच भोकं पाडायची होती, आणि ती त्याच मशीनवर. अपघातानंतर मशीन सुरू झालं नव्हतं. त्याने प्लेट दोन शिकंज्यांनी ठोकळ्याला आवळून बांधली आणि बटण दाबलं. पहिलं भोक पडलं. स्टूल बाजूला रिकामं होतं. दुसरं भोक पडलं. एका भोकानंतर दुसरं सुरू व्हायच्या आधी जी जागा असते, तिथे काहीच नव्हतं. तिसऱ्या भोकाला त्याने मशीन बंद केलं आणि त्या स्टुलावर बसला.

तिथे त्याला ते कळलं. कळलं म्हणणंही खोटं आहे, ते त्याला माहीतच होतं, फक्त त्याने कधी तिकडे पाहिलं नव्हतं. वेळ नव्हता हे खरं नाही. सामान नव्हतं हेही खरं नाही. टेबल झालं असतं तर इंदूला शेडमध्ये यायचं काही कारण उरलं नसतं. ती घरात बसली असती, पारावर गेली असती, तिच्या गोष्टी दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्या असत्या. ती शेजारी बसलेली त्याला हवी होती. एवढ्यासाठी त्याने तिचा हात अठरा वर्षं फिरत्या बिटाखाली ठेवला. साठी ओलांडलेला तो माणूस त्या स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला, आणि मग उठून उरलेली भोकं पाडली, कारण ती पाडायचीच होती.

आणखी तीन दिवसांनी टेबल उभं राहिलं. वर वाइस बसवला, जो आपल्या दोन जबड्यांत पट्टी आवळून धरतो आणि ज्याला थकवा येत नाही. त्याने इंदूला फोन केला.

"टेबल झालं."

मग इंदू म्हणाली, "रविवारी येतो आमी."

गंगाधरचा जीव भांड्यात पडला. शनिवारी त्याने घर झाडलं, पलंगावर धुतलेली चादर घातली, पाण्याची टाकी भरून ठेवली. रविवारी अकरा वाजता नीलेशची गाडी दारात थांबली. इंदू उतरली. तिच्या डाव्या हातात मोठी निळी बॅग होती. ती बॅग पाहून गंगाधर जवळजवळ धावतच पुढे गेला आणि तिच्या हातून ती घेतली.

बॅग रिकामी होती.

नीलेश म्हणाला, "मैं गाड़ी में ही बैठता हूँ, मम्मी, आराम से," आणि खिडकीची काच वर केली. इंदू आत गेली. डाव्या हाताने तिने कपाटातून साड्या काढल्या, स्वेटर काढला, देव्हाऱ्यातली आपल्या आईने दिलेली लहान अन्नपूर्णा काढली. गंगाधर बॅगेचं तोंड उघडं धरून उभा राहिला. चेन त्याने लावली. धुतलेल्या चादरीकडे तिचं लक्ष गेलं, तशी तिने क्षणभर तिच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"दाखवा तं, काय केलं," ती म्हणाली.

शेडमध्ये तिने टेबलाला एक फेरी मारली. वाइसमध्ये त्याने आधीच एक पट्टी पकडून ठेवली होती. इंदूने ती डाव्या हाताने हलवून पाहिली. मग जोर लावून पाहिली. मग उजव्या हाताची न वाकणारी बोटं तिच्यावर टेकवली आणि सगळ्या अंगाचा भार दिला. पट्टी तसूभरही हलली नाही.

"चालवा."

त्याने मशीन चालू केलं. बिट उतरलं, कीस बाहेर पडला, भोक पार झालं. पट्टी होती तिथेच होती. त्याने बटण बंद केलं.

"किती दिवस लागले?"

"आठ."

"आठच," इंदू म्हणाली. ती खाली वाकली. टेबलाचे तीन पाय कोपऱ्यांत होते आणि चौथा बराच आत घेतलेला होता. "हा पाय आत काहून? वाकडा दिसते."

गंगाधरने पायाकडे पाहिलं. तो त्याने आत घेतला होता, आणि घेताना आपण काय करतोय हे त्याच्या मनात आलंही नव्हतं. "तुझं स्टूल राह्यते तिथं," तो म्हणाला.

"पट्टी तं हे यंत्र धरते. मंग स्टूल कायले पाह्यजे?"

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "टेबल मी पहिल्याच वर्षी करू शकत होतो, इंदू. केलं नाई. केलं असतं तं तू इथं आली नसती. तू बसून राह्यली पाह्यजे, म्हणून नाई केलं." एवढं बोलून त्याला धाप लागली. आपण सांगितलं, निदान सांगितलं, आता ती हवं ते बोलो, असं त्याला वाटलं.

इंदू रागावली नाही. रागाची त्याने तयारी केली होती. ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"मले वाटे, माझ्याशिवाय तुमचं भोक सरळ पडत नाई," ती म्हणाली. "ताप असला तरी येत होती मी. म्हणलं, काम अडते माणसाचं."

"इंदू..."

"एक डाव म्हणाले असते, बस म्हणून. मी अशीच बसली असती जी. रिकाम्या हातानं."

बाहेर नीलेशने हॉर्न दिला. इंदूने पदराने डोळे टिपले आणि ती निघाली. गंगाधर बॅग घेऊन तिच्या मागे गेला, बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि दार लावलं. काहीतरी म्हणावं, थांब म्हणावं, असं त्याला फार वाटलं. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो तसाच तोंड उघडून उभा राहिला. मग आत येऊन त्याने शेडचं दार ओढून घेतलं.